कायमचा पत्ता

प्रिय ताई,

दोन महिने झाले, लिहीन लिहीन म्हणतोय. तीनदा कागद घेतला. एकावर मालकांनी सीटचं माप टिपून ठेवलं, दुसऱ्यात मीच चणे बांधले, आणि तिसऱ्याला खरं कारण होतं, धीर झाला नाही. फोनवर तू मला पहिल्या वाक्यातच पकडतेस, म्हणून फोनही टाळला. रागव हवं तर, पण पुढं वाच.

मी अजून त्याच बसडेपोजवळ आहे. पाच महिने एका जागी, मलाही खरं वाटत नाही. खाली दुकान, वर माझी खोली. दिवसभर सीटची कव्हरं शिवायची, दबलेला फोम बदलायचा. ड्रायव्हरची सीट उघडली की माणूस कळतो बघ. कोण एका अंगावर कलून बसतो, कोण सारखा पाय हलवतो. एका सीटमध्ये तर कवळी सापडली. तिचा मालक तीन दिवस लाजून आलाच नाही. आमचे मालक म्हणतात, दुसऱ्यांच्या सीटा नीट करतोस, पण तुझ्या बुडाखाली कधी जागा गरम झालेली दिसली नाही. बघ, कुठच्या कुठं गेलो.

तुझ्या सहा महिन्यांच्या तपासणीचं भाऊजींनी कळवलं. आतड्यातली मूळ गाठ काढल्यावर लिव्हरमध्ये ज्या राहिल्या त्या वाढल्या नाहीत, आणखी कुठं पसरल्याही नाहीत. डॉक्टर याचीच तर वाट बघत होते. आता लिव्हर बदलता येईल, फक्त ते मिळायला हवं. ऐकलं आणि त्या दिवशी मी एक अख्खं कव्हर उलटं शिवलं.

तुझा चेहरा बसल्या बसल्या लालेलाल व्हायचा तेव्हा मी तुला टमाटर म्हणायचो, आठवतं? भाऊजी तर लग्नानंतर दोन वर्षं समजत होते की तू त्यांना बघून लाजतेस. किती खूश असायचे बिचारे. तो या गाठींचाच आजार होता हे कळल्यावर त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला अजून हसू येतं, आणि मग स्वतःच्या जिभेचा राग येतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, घरचं कुणी लिव्हरचा भाग देऊ शकेल. तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, याला विचारायचं नाही, याचं अजून सगळं व्हायचंय. मी दुसऱ्या दिवशी निघून गेलो. तुला वाटलं असेल, सुटला एकदाचा. वाटू दिलं.

तुझा दवाखाना इथून पायी पाऊण तासावर आहे, म्हणूनच मी हे काम धरलं. पहिल्या तपासणीत माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. नऊ किलो उतरवा म्हणाले, आणि दारूचा थेंब नको. तेव्हापासून रोज संध्याकाळी दीड तास चालतो. जन्मात पहिल्यांदा जिथून निघतो तिथंच परत येतोय. चरबी गेली. रक्तगट जुळला, मापही जुळलं. कमिटीपुढं बसून कुणी भरीला घातलेलं नाही हेही सांगून आलो. माझं उरलेलं काही महिन्यांत पुन्हा वाढतं म्हणे. धोका आहे, त्यांनी दोनदा समजावला. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तुझ्या गाठी परत येणारच नाहीत असंही कुणी लिहून देत नाही. पण वर्षं मिळतील ताई, चांगली वर्षं.

आता आजच का लिहायला बसलो ते सांगतो. फॉर्मवर कायमचा पत्ता विचारला होता. मला कुठला आलाय कायमचा पत्ता. शाळेपासूनच्या सवयीनं तुझाच लिहून टाकला. आज दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, मंजुरीचं पत्र सोमवारीच त्या पत्त्यावर गेलं. ते हातात पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून ही घाई. नाही म्हणू नकोस. तुझी सही झाली की तारीख मिळेल.

थांब, जिन्यावर कुणीतरी आहे.

भाऊजी आलेत. आजवर माझ्या कुठल्याच बिऱ्हाडाची पायरी न चढलेला माणूस, हातात फोडलेलं पाकीट. म्हणतात, तू खाली गाडीत बसली आहेस, जिना चढवत नाही म्हणून. सही करणार आहेस, पण आधी माझ्या कानाखाली एक वाजवायची आहे म्हणे. आलोच.

तुझाच,
उनाड