थोरल्याच्या तुळईविषयी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वाळवीचा बंदोबस्त, लोकांत 'वाळवीमास्तर', हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कान त्याहून शाबूत आहेत, आणि माझ्या धंद्यात कानच लागतात.

१. राहते घर पत्नीला. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. धंदा मात्र त्याला नाही. तो फवारा मारून मोकळा होतो. आमच्याकडची वाळवी लाकूड पोखरते, जमिनीखाली आपल्या लेंड्यांचे पोळे रचते, त्यावर बुरशी पिकवते आणि तीच खाऊन पोसते. शेत खाली नि फवारा वर, मग काय उपयोग? ते शेत हुडकून काढणारा या भागात मी एकटा. हे फुशारकी म्हणून नव्हे, खरे म्हणून लिहितो. बरे, थोडी फुशारकीही आहे.

३. दुकान, पंप आणि हत्यारे मुलीला. दहा वर्षांची असताना ग्रंथालयाच्या चौकटीवर टिचकी मारून ती म्हणाली होती, "बाबा, हे पोकळ आहे." मी नाही म्हणालो. पोकळच निघाले. एवढा आनंद मला स्वतःच्या कुठल्याही कामाने दिला नाही. बरणीतले बुरशीचे पोळेही तिचेच. सुनेने ते स्पंज समजून भांड्यांना लावू नये.

४. थोरला भाऊ सुतार. त्याच्या सांध्यात केस शिरणार नाही. अठरा वर्षांपूर्वी तो घर बांधत असताना, खांब थेट मातीत रोवू नकोस, असे मी सांगितले. तो चारचौघांत म्हणाला, "मी घडवलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही. तू तुझे किडे मार." तेव्हापासून अबोला. गेल्या महिन्यात तो बाहेर असताना आजारी वहिनींना भेटायला गेलो आणि सवयीने खांबाला टिचकी मारली. खांब गेला आहे. वाळवीची मातीची रेघ तुळईपर्यंत चढली आहे, आणि त्या तुळईखाली त्याची नातवंडे झोपतात. तरी मी गप्प परतलो. त्याने बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा ताठा. त्याची मला लाज वाटते. माझ्यामागे मुलीने ते काम फुकट करावे.

५. वरचे कलम लिहून झाल्यावर ध्यानात आले, की मृत्युपत्र मेल्यावर वाचतात आणि मी तर ठणठणीत आहे. तुळई तोवर थांबणार नाही. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. पण थोरला वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही. म्हणून शेजारच्या शिंप्याला सोबत घेऊन हा कागद साक्षीच्या सहीसाठी त्याच्याकडेच नेतो.

सही: वाळवीमास्तर
ठिकाण: थोरल्याच्या घराची पायरी
दिनांक: ९ मार्च, सकाळ

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी.
२. थोरला भाऊ, सुतार. सगळं वाचलं. खांब मातीत मीच रोवला, चूक माझी. पोरांची अंथरुणं पुढच्या खोलीत घेतो. तू बाहेर का उभा आहेस? आत ये.