अमूरकाठचा खांब

प्रिय आई,

हे पत्र पाद्रीबाबांकडून वाचून घे, पण घरात दुसरं कुणी नसताना. बर्फ वितळला की तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या उस्त्याला तराफ्यावरून आमच्याकडे पाठवायचं असं आपलं ठरलंय, त्याचंच लिहायचंय. तिचा खोकला गेला का? छातीला बदकाची चरबी चोळतेस ना?

नव्या सरहद्दीवर कुणी जायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या येरमोलायचं नाव निघालं, तेव्हा सगळे म्हणाले, नशीब काढलंत, देश वाढलाय, नवी जमीन मिळेल. मग महिनाभर तराफ्यावर आम्ही, गाय आणि कोंबड्या. क्लिमला दात आले ते पाण्यावरच. इथं साहेबांनी अमूर नदीच्या काठावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब रोवला आणि म्हणाले, आजपासून हा रशिया. नकाशावर दर दहा कोसांना एक गाव काढलंय, त्यातलं हे आमचं.

पलीकडच्या काठावर चीन. तिकडचा एक म्हातारा होडीतून बाजरी विकायला येतो. त्यानं येरमोलायचा हात धरून त्याला झाडाखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. फांद्यांत पुरातलं वाळकं गवत अडकलेलं, घोड्यावर बसलेल्या माणसाच्याही डोक्यावर. आम्ही सगळ्यांनी बघितलं. शेजारची आगाफ्या म्हणाली, "साहेबांना म्हणावं, नदीचाही अंगठा घ्या कागदावर." सगळे हसले. सांगायला मात्र कुणी गेलं नाही. आपण कोसॅक, सरकारचे शिपाई, उभं केलं तिथं उभं राहायचं, तुला माहीतच आहे.

ऑगस्टात पाणी आलं. तीन दिवस आम्ही छपरावर होतो. क्लिमला मी शालीनं छातीशी बांधलं होतं, आणि तो रडायचा थांबला की मीच त्याला चिमटे काढायचे. गाय गेली, पीठ गेलं. दुसऱ्या दिवशी आगाफ्याची पोर नास्त्या छपरावरून घसरली. पाच वर्षांची होती. आगाफ्या आता दिवसभर नुसती लाकडं फोडत राहते.

पाणी उतरल्यावर साहेब होडीतून आले. खांब जागेवर बघून खूश झाले. येरमोलायनं टोपी काढून विचारलं, "साहेब, गाव टेकडीवर नेलं तर चालेल?"

"नकाशा राजधानीला पोचलाय," ते म्हणाले.

तेव्हा आम्ही पुन्हा तिथंच घर बांधलंय. म्हातारा म्हणतो, दरवर्षी नाही येत, पण येतंच. मला झोप लागत नाही गं. पाणी कुठंही वाजलं तरी मी क्लिमला उचलते.

येरमोलाय उस्त्यासाठी छोटा पलंग करतोय. कडेला कोंबडा कोरलाय. रोज विचारतो, आता तेवढी उंच झाली असेल का. त्याला मी काही बोललेले नाही.

आई, तिला पाठवू नकोस. तराफे निघतील तेव्हा आजारी आहे म्हण, देवी आल्यात म्हण, काहीही सांग. पुढल्या वर्षीही तेच सांग. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. मला इथून हलता येणार नाही, चिठ्ठी आमच्या नावाची आहे, तिच्या नाही. चार वर्षांचं पोर, हळूहळू माझा चेहरा विसरेल. आठवण करून देऊ नकोस. तुलाच आई म्हणायला लागली तर म्हणू दे.

तुझीच,
मलान्या