निळ्या पिशवीतली काच

प्रिय सुनंदा,

आज सुका कचरा द्यायला केंद्रावर आले, तर तुझ्या जागी तुझी प्रतीक्षा बसलेली. "आई गेली, काकू. परवा जलदानविधी झाला," म्हणाली. घरी आले आणि लिहायला बसले. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

ठाकुर्लीत आमच्या गल्लीच्या टोकाला ते केंद्र सुरू झालं, तेव्हा कचरा वेगळा करायला मला तूच शिकवलंस. दुधाच्या पिशव्या धुवायच्या, काच पेपरात गुंडाळून वर 'काच' लिहायचं. "आमचे हात जातात ओ त्यात," एवढंच म्हणायचीस.

त्या दिवशी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. गॅसवाला दारात उभा. तुकडे तसेच निळ्या पिशवीत कोंबले, वर रद्दी टाकली आणि पिशवी केंद्रावर ठेवून बाजारात गेले. परत येते तर तुझं बोट चिरलेलं, तळहात रक्ताने भरलेला.

"काकू, ही निळी पिशवी कुणाची ओ?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

मग घरी धावले, हळद आणली, फडकं बांधलं. "तुमच्यासारखं कोण करतं, काकू?" म्हणालीस. तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी?

पण तुला डायबिटीस होता ना गं? मग डॉक्टरकडे का नाही गेलीस? चार दिवस त्या सुजलेल्या हाताने कचरा निवडत राहिलीस. "सुट्टी घेतली तर दुसरी बाई बसवतील," म्हणालीस. मला तुला रिक्षात घालून नेता आलं असतं. पण कशाने कापलं, हे डॉक्टरने विचारलं असतं. ते मला ऐकायचं नव्हतं.

कल्याणच्या हॉस्पिटलात आधी तुझं बोट काढलं. मग विष अंगभर पसरलं. मी एकदाही बघायला आले नाही.

आज प्रतीक्षा म्हणाली, "आई शेवटपर्यंत सांगायची, काकूंनी हळद लावलेली." उघड्या हातांनी कचरा निवडत होती ती. मी मान हलवली आणि निघाले.

उद्या सकाळी तिच्याकडे जाणार आहे. पिशवी कुणाची होती, ते सांगणार आहे. रडायची नाही, गॅसवाल्याचं कारण द्यायची नाही. तिने पुन्हा तोंड दाखवू नका म्हटलं, तर तेही मान्य करीन.

तू जिला भली समजत राहिलीस ती,
मालतीकाकू