मधल्या जागेवरचं नाव

प्रिय डेस्मंड सर,

आधीच सांगते, 'सर' म्हणायचं नाही हा तुमचा नियम तुम्ही असताना मी पाळला नाही, आता तर पाळणारच नाही. पुण्यात वाढलेल्या बाईला आपल्या वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारायला लावणं म्हणजे छळ आहे. हे तुम्हाला कधी पटलं नाही.

लिहायला बसले ती आठवण आली म्हणून नाही. काम निघालंय. आपल्या लॅबचा संशोधनाचा पेपर एका मासिकाने स्वीकारला. गुरुवारपर्यंत लेखकांची नावं पक्की करून पाठवायची आहेत, आणि तुमचं नाव टाकायचं की नाही, टाकलं तर कुठे, यावरून इथे घोळ चालू आहे. ज्यांना विचारायचं तेच नाहीत. मग काय करणार?

तुम्ही गेल्याचं मला ऑफिसच्या मेलवर कळलं. त्याच्या खालचा मेल पार्किंगच्या नव्या स्टिकरबद्दल होता. दोन्ही वाचले, लॅबमध्ये गेले आणि पेशींना खायला घातलं, कारण दिवस त्यांचा होता. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही बरेच दिवस नाही. तुम्ही हे ऐकून रागावला नसतात. पेशींचं वेळेवर झालं ना, एवढंच विचारलं असतंत.

पेशींना इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी कळत नाही, ईद कळत नाही, हे तुमचंच वाक्य. म्हणून लॅबमध्ये सुट्टीच्या ड्युट्या लागायच्या. आपल्या दोघांचा सौदा पहिल्याच वर्षी ठरला: नाताळ माझा, गणपती तुमचा. मी डिसेंबरात रिकाम्या लॅबमध्ये थर्मासमधला चहा पीत पेशी सांभाळायचे, आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसला की तुम्ही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र विसर्जनाला यायचात. बाल्कनीत बादलीत मूर्ती बुडताना टोपी काढून उभे राहायचात, आणि मग मोदकांवर तुटून पडायचात.

एका वर्षी तुम्हाला मोदक वळायचा होता. पारीला कळ्या पाडायला घेतल्यात आणि हात इतका थरथरला, की सारण ताटात. माझी ईशा फस्सकन हसली. तुम्हीही हसलात, पण हात लगेच टेबलाखाली नेलात. तो थरथरता हात मी लॅबमध्ये आधीच पाहिला होता. त्याच्यामुळेच तुम्ही प्रयोग करणं सोडलं होतंत. पेशींना खायला घालणं तेवढं चालू होतं, त्याला स्थिर हात लागत नाही.

त्याच संध्याकाळी ईशाने विचारलं होतं, "अंकल, व्हॉट डू यू ॲक्च्युअली डू?"

तुम्ही तिला समजेल असं सांगितलंत. बशीत पेशींचा एकसंध थर वाढवायचा. टोकदार नळीने मधोमध एक ओरखडा काढायचा, त्वचेला जखम व्हावी तसा. मग मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं. दोन्ही काठांवरच्या पेशी चालायला लागतात, मधे येतात, एकमेकींना टेकतात आणि थांबतात.

"व्हाय डू दे स्टॉप?"

"दॅट्स ऑल आय हॅव एव्हर आस्क्ड."

"युअर होल लाइफ?"

"होल लाइफ," तुम्ही म्हणालात आणि आणखी तूप मागितलंत.

तुमची सगळी कारकीर्द खरंच एवढीच होती. इंग्लंडच्या उत्तरेला बस चालवणाऱ्याचा मुलगा, एका लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागलेला, तिथेच मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकलेला. पहिला शोध तिथलाच. टेकल्यावर पेशी आपला पुढचा पाय कसा आखडून घेते, हे तुम्ही पाहिलंत. पेपर निघाला तो साहेबांच्या नावावर, ज्यांनी बशीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तुमचं नाव अगदी खाली आभारात, गॅस सिलिंडर पुरवणाऱ्याच्या शेजारी. मुसफ्फाला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, इन्क्युबेटरचं दार वेल्ड करून घ्यायला गेलो होतो, तेव्हा वर्कशॉपच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुम्ही मला हे सांगितलंत. त्यात कडवटपणा नव्हता. आतला पठाण वेल्डर "खलास, साब" म्हणत काम संपवून आला, तसे तुम्ही उठून बिजागरी तपासायला गेलात.

पण नियम त्यातूनच आला. ज्याचा हात कामाला लागला नाही, त्याचं नाव पेपरवर नाही. मग तो लॅबचा प्रमुख का असेना. प्रोफेसर झालात, निवृत्त होऊन इथे अबुधाबीला आलात, नियम सोडला नाहीत. हात थरथरायला लागल्यापासून तर एकाही पेपरवर नाव दिलं नाहीत. कल्पना तुमच्या, चुका काढणार तुम्ही, नावं आमची.

याबद्दल माझी तक्रार आहे. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. माझा पहिला पेपर मासिकांकडून न वाचता परत येत होता. तुमचं नाव असतं तर निदान कुणी उघडून पाहिला असता. तुम्हाला तत्त्व परवडत होतं, सर. माझा व्हिसा नोकरीवर होता. हा हिशेब तुमच्या डोक्यात कधी आलाच नाही का?

असो. आता विभागप्रमुख बाई म्हणतात, तुमचं नाव शेवटी टाका. आमच्यात पहिलं नाव सर्वांत जास्त खपणाऱ्याचं, शेवटचं लॅब ज्याची त्याचं, आणि मधे बाकीचे हात.

"हबीबती, ही इज डेस्मंड," लाडाची अरबी हाक मारत त्या म्हणाल्या. "पुट हिम लास्ट. एव्हरीवन विल रीड इट."

"ही नेव्हर ॲलाउड इट," मी म्हटलं.

"ही इज नॉट हिअर टु ऑब्जेक्ट."

घरी नवऱ्याचंही तेच. "अगं, टाकून दे ना नाव. तुझंच कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायला हेल्प होईल. ते काय विचारायला येणारेत?"

तुमच्या बहिणीला लिहिलं. तिचं उत्तर आलं, तो नाहीच म्हणाला असता, पण तू जे ठरवशील ते मला मान्य आहे. म्हणजे सगळं पुन्हा माझ्याच गळ्यात. मी ठरवलं, नियम तो नियम. तुमचं नाव आभारात टाकायचं. ओळसुद्धा लिहून झाली होती.

परवा संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पेपरमधली चित्रं शेवटची तपासत होते. ईशा ताटं मांडायला आली आणि वाकून बघायला लागली.

"आई, व्हाय इज धिस वन नॉट स्ट्रेट?"

बाकीचे ओरखडे पट्टीने आखल्यासारखे. हा एकच वेडावाकडा, खाली उतरताना दोनदा हललेला. मी शेकडो वेळा पाहिला असेन. ओरखडे माझी विद्यार्थिनी शमा काढते, म्हणून हाही तिचाच, असं धरून चालले होते. तिचा हात त्या दिवशी बिघडला असेल, एवढाच विचार केला होता. आता मात्र ताटात सांडलेलं सारण आठवलं.

चित्राखालची तारीख बघितली. गणपतीची होती.

शमाला फोन केला. "नो मॅम, आय वॉज होम इन शारजा, रोल्लामध्ये," ती म्हणाली. आमच्याशी ती अशीच मधेच मराठी जोडते. "ड्युटी तर सरांची होती ना?"

मायक्रोस्कोप त्या दिवसासाठी राखून ठेवलेला होता, पेशी तयार होत्या, आणि शमा सुट्टीवर म्हणून तो दिवस फुकट गेला असं मला वाटलं होतं. तुम्हाला ते बघवलं नसणार. नळी उचललीत, दुसऱ्या हाताने मनगट धरलं असेल, आणि काढलात. पेशी मात्र त्या वाकड्या वाटेनेही आल्या, टेकल्या आणि थांबल्या. सगळ्या चित्रांत तेच सर्वांत स्पष्ट उतरलंय. आणि विसर्जनाला येऊन तुम्ही एक शब्द बोलला नाहीत! का? ओरखडा वाकडा आला म्हणून लाज वाटली, की सांगितलं असतंत तर तुमच्याच नियमाने नाव द्यावं लागलं असतं म्हणून?

मला राग आला. मग डाळ वाढता वाढता रडू आलं. ईशाने चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि डाळ तिनेच वाढली.

काल सकाळी विभागप्रमुख बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग चित्र तरी बदला, सरळ ओरखड्याचं घाला. मी नाही म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. पुढच्या वर्षी माझं इथे काय होईल ते होईल, इन्शाल्ला.

तर सर, गुरुवारी यादी अशी जाईल. पहिली शमा, शेवटी मी, कारण लॅब आता माझी आहे. तुम्ही मधे, जिथे हातांची नावं असतात. आभारातली ओळ मी खोडली आहे. एकदा तुम्हाला तिथे बसवलं गेलं, दुसऱ्यांदा ते माझ्या हातून होणार नाही. वाकडं चित्र आहे तसं छापलं जाईल.

गणपतीची ड्युटी यंदा कुणाला लावायची, अजून ठरवलं नाही. नाताळची मात्र मीच करेन, दर वर्षी.

तुमची,
वर्षा