भट्टीची माफी

कुवानोसे, ११ नोव्हेंबर

ती. मित्सुयोवन्संना चिझुरूचा सा. न. वि. वि.

फोन मुद्दामच केला नाही. घरात बोललेलं आईंना सगळं ऐकू जातं. फक्त मी जेवायला मारलेली हाक तेवढी जात नाही.

गावची कचऱ्याची भट्टी बंद आहे. कोणीतरी जळाऊ कचऱ्यात पारा टाकला. धुरात पारा सापडला की भट्टी थांबवतात, आणि तिच्या उष्णतेवर चालणारं सार्वजनिक स्नानगृहही थांबतं. मामंजी गेल्यापासून आईंचं बोलणं-हसणं त्या गरम पाण्यातच, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

काल त्यांनी मला सांगितलं, की आवराआवरीत मामंजींचा जुना थर्मामीटर आपणच जळाऊ पिशवीत टाकला. तेव्हापासून घास उतरत नाही. मैत्रिणींना तोंड कसं दाखवू, हे गावच सोडते, म्हणतात. वन्सं, मला भीती वाटते. काय करू?

तुमची,
चिझुरू

ओसाका, १४ नोव्हेंबर

चि. सौ. चिझुरूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आईचं हे नेहमीचंच. शेजाऱ्याचं मांजर शिंकलं तरी माफी मागणारी बाई ती! तिला अडवू नकोस. माफीचा म्हणून चांगल्या दुकानातला मिठाईचा डबा घे आणि तिला भट्टीच्या ऑफिसात ने. एकदा वाकून मोकळी होऊ दे. साहेब रागावलेच तर माझं नाव सांग, मी येऊन दुप्पट वाकेन. आणि तूही वेळेवर जेव.

माया आहेच, ती वाढू दे.
मित्सुयो

कुवानोसे, १९ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

जाऊन आलो. आई गडद किमोनो नेसल्या होत्या, डबा छातीशी धरलेला. कमरेतून वाकून त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी आतलं टेबल दाखवलं. त्यावर मिठाईच्या डब्यांची चळत! स्नानगृहातल्या साऱ्या मैत्रिणी, एकमेकींना चोरून, हाच गुन्हा कबूल करून गेल्या होत्या.

साहेब म्हणाले, की एका थर्मामीटरने आमची भट्टी ढिम्म हलत नाही. एवढा पारा कुठल्यातरी कारखान्याचाच असणार, आणि तिथून मात्र अजून कोणी डबा घेऊन आलेलं नाही.

आई तिथेच खुर्चीत बसून रडल्या. मलाही आवरेना.

काल भट्टी पेटली. संध्याकाळी सगळ्या म्हाताऱ्या गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून एकमेकींना चोर म्हणत होत्या. सगळ्यांत मोठा आवाज तुमच्या आईचा होता.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
चिझुरू