डोंगराखालचा तापलेला पट्टा

ती. आईस धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं. फोनवर माझ्या आवाजातली काळजी ऐकून तू घाबरशील, म्हणून गावी निघालेल्या मैत्रिणीच्या हाती हे पत्र देतेय. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना भरभर उतरता येतो का?

तू विचारतेस ना, उपग्रहाच्या चित्रांत मी दिवसभर काय बघते? जमीन कुठे किती तापली, ते. या आठवड्यात आपल्या डोंगराखालून जाणाऱ्या जमिनीतल्या खोल भेगेवर एक पट्टा तापलेला दिसतोय. तिथे वणवा नाही, ऊनही नेहमीचंच. भूकंपाआधी कधीकधी जमीन अशी तापते, असं काहीजण मानतात.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "असे पट्टे येतात नि जातात. बहुतेकदा काहीच होत नाही. एवढ्यावरून गाव उठवता येत नाही."

त्यांचं खरंच आहे. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची आई तिथे असती तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अंगणात झोपवली असती."

मी लगेच हे पत्र लिहायला बसले.

आई, एवढं ऐक. थोडे दिवस सगळ्यांची अंथरुणं अंगणात टाक. बाळाचा पाळणाही बाहेर घे. वहिनी ओली बाळंतीण, तिला घाबरवू नकोस. घरात उकडतंय म्हण. बाबा हसतील, पोरगी शिकून भित्री झाली म्हणतील. हसू देत. फक्त बाहेर बसून हसू देत.

तुझी,
धाकटी