नाशिकची ललिता खरंच बाई आहे का?

१२ जानेवारी २००४, सोमवार
झालं! ज्याची भीती होती तेच. वाल्मीक सरांनी ग्रुपवर फर्मान काढलंय — पंचवीस तारखेला सगळ्यांनी हेडफोन लावून प्रत्यक्ष बोलायचं. 'वर्षभर नुसतं एकमेकांचं लिहिलेलं वाचतोय, आता आवाज ऐकू या!' अकरा जण लगेच तयार. मी बसल्या जागी घामाघूम. सायबर कॅफेतला मयूर म्हणाला, "काकू, मशीन हँग झालं का?"
मशीन नाही रे बाबा, मी.

१३ जानेवारी
नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.
उजवा कान नवव्या वर्षी तापात गेला. डावाही तेव्हापासून अधू, आणि गेली तीन वर्षं तोही हळूहळू चाललाय. समोरून, जवळून बोललेलं कळतं. फोनवर नुसती भुणभुण. शेखर मला पाहायला आला तेव्हा आई माझ्या डाव्या अंगाला चिकटून बसली होती, पाहुण्यांचा प्रत्येक प्रश्न पुन्हा माझ्या कानाशी. 'पोर बुजरी आहे हो!' देवळ्याच्या सासूबाईंना बुजरी सून फार पसंत पडली. अकरा वर्षं झाली लग्नाला, शेखरला अजून माहीत नाही. (घरात 'अहो', वहीत शेखर!) कळलं तर सगळे म्हणतील, फसवून गळ्यात मारली. माहेरी धाडतील. आता तर आईही नाही तिथे.
म्हणून तर हा शब्दकोड्यांचा ग्रुप. जळगावचे वाल्मीक सर, सोलापूरची तृप्ती, आणखी कुठले कुठले लोक. एकाने कोडं टाकायचं, बाकीच्यांनी सोडवायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून भांडायचं. तिथे मला कुणी 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणत नाही. तिथे सगळ्यांत आधी उत्तर माझं येतं! आता तेही जाणार.

१९ जानेवारी
कळवून टाकलं — कॅफेतला माइक बिघडलाय. साफ खोटं. तृप्तीचं तासाभरात उत्तर: 'मग दुसऱ्या कॅफेत जा की! नाशकात काय एकच आहे?'

२६ जानेवारी
काल सगळे बोलले म्हणे. मजा आली म्हणे.
आणि खाली एकाने लिहिलंय — 'नाशिकची ललिता खरंच बाई आहे का? आवाज का लपवते?' त्यावर दुसरा: 'मला शंका होतीच. बायका इतकी अवघड कोडी घालत नाहीत.' संताप आला! आणि खरं सांगू, जरासं बरंही वाटलं. लाज वाटते लिहायला.
वाल्मीक सरांनी आठ दिवसांत खुलासा मागितलाय, नाहीतर नाव काढणार. तृप्ती गप्प. ते सगळ्यांत लागलं. दोन दिवसांआड आम्ही एकमेकींना लांबलचक पत्रं लिहितो. नवऱ्याचं, माहेरचं, पोटातलं सगळं. तिला वाटत असेल, आपण इतके दिवस कुणा बाप्याशी मन मोकळं करत होतो!

२८ जानेवारी
शेखर ओरडला — तीन वेळा चहा मागितला म्हणे. तो बोलतोच ओरडून. सातपूरला प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यांची ठोकाठोक, डोकं तापणारच. पण त्यामुळेच मला त्याचं ऐकू तरी येतं.

२ फेब्रुवारी
लिहिलं. चारच ओळी. 'मला ऐकू येत नाही. फोनवर तर अजिबात नाही. बाईच आहे मी. ठेवायचं तर ठेवा.' बटण दाबलं आणि उत्तर यायच्या आत पळाले. चप्पल उलटी घातली होती, घरी आल्यावर कळलं.

३ फेब्रुवारी
भाजी घेऊन आले तर शेखर फोनवर. मान डोलावतोय. माझ्याकडे पाहिलं आणि फोन ठेवला.
"सोलापूरहून कुणीतरी बाई होती."
एवढंच बोलला आणि आत गेला. माझ्या हातातली पिशवी तशीच.
तृप्ती! सभासदांच्या यादीत घरचा नंबर मीच तर भरला होता. वेंधळी कुठली!

४ फेब्रुवारी
"काय म्हणत होती ती बाई?" धीर करून विचारलं.
"काही नाही. असंच."
असंच! डबा उचलून कामावर गेला. डोळ्याला डोळा देत नाही.

५ फेब्रुवारी
कॅफेत गेले. तृप्तीचं पत्र: 'वेडे, आधी नाही का सांगायचं! तुझ्या यजमानांना फोनवर सगळं सांगितलंय, तुला ऐकू येत नाही म्हणून त्यांनाच निरोप दिला. रविवारी येतेय तुझ्याकडे. फार भले आहेत गं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.' वाल्मीक सरांनी ग्रुपवर माफी मागितलीय. बाकीचेही काय काय चांगलं लिहितायत. वाचवेना मला.
सगळं सांगितलंय! म्हणजे दोन दिवस हा मनात ठेवून बसलाय. देवळ्याला कळवलंही असेल. कुठली बॅग न्यायची तेसुद्धा ठरवून झालं माझं.

६ फेब्रुवारी
राहवेना. सकाळी शेखरच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, तृप्तीने माझ्या कानांचं सांगितलंय ना तुम्हाला? मग बोला की एकदाचं!"
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग कपाटातल्या शर्टांखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. कानाच्या डॉक्टरचा. गेल्या वर्षीचा. त्याच्या नावाचा.
"कंपनीत कळलं तर घरी बसवतील. तिथे सगळे ओठ बघूनच काम करतात, म्हणून निभावतंय. ती बाई फोनवर काय बोलली, 'सोलापूर' सोडून मला एक अक्षर कळलं नाही. नुसतं हो हो करत होतो." मग खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. "काय झालंय तुझ्या कानांना?"